बिबट्या न दिसल्याची बातमी

मच्छिंद्र बातम्यांना पार विटला होता. टीव्ही लावावा तर खून, मोबाईल उघडावा तर अपघात, आणि बायकोची, म्हणजे सविताची, मालिका बघावी तर सासू सुनेच्या दुधात काहीतरी कालवत बसलेली. "आरं, या जगात कुणाचंच बरं चाललं न्हाई का?" असं वैतागून त्यानं खुटबावातल्या माणसांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. नाव ठेवलं, 'फक्त चांगल्या बातम्या'.

चार दिवस ग्रुपवर गुलाबाच्या फुलांशिवाय काही येईना. मग आपणच सुरुवात करावी म्हणून त्यानं लिहिलं, 'आज आमच्या उसात बिबट्या दिसला नाही.'

ग्रुपातल्या बन्सीमामांचा लगेच फोन. "आज दिसला न्हाई, म्हंजी काल दिसला व्हता?"

"न्हाई ओ मामा, कवाच दिसला न्हाई."

"मग आजच का लिवलंस?"

दुपारी बातमी शेजारच्या केडगावात पोचली, तोवर बिबट्याला दोन बछडे झाले होते.

संध्याकाळी मजूर बायांच्या टोळीच्या रंगुबाईचा फोन आला. "उद्या कांदा लावायला आमी येणार न्हाई बाबा. आमाला पोरंबाळं हायती."

वाफे भिजवलेले, रोप उपटून ठेवलेलं. दोन दिवसांत लागण झाली नाही तर सगळं रोप वाळून जाणार.

दुसऱ्या दिवशी बाया आल्या नाहीत. वनखात्याची माणसं मात्र पिंजरा घेऊन आली.

"साहेब, बिबट्या न्हाईच हाय ओ!"

"असं सगळेच म्हणतात. बकरी आहे का?"

सविता आतून तरातरा बाहेर आली. "आमची बकरी गाभण हाय!" पण साहेबांनी पिंजऱ्याच्या मागच्या कप्प्यात जाळी दुहेरी असल्याचं दाखवलं आणि बकरी आत गेली. "बगा," ती नवऱ्याला म्हणाली, "चांगली बातमी द्याया गेलात आन् बकरी देऊन बसलात."

सकाळी मच्छिंद्र पाला घेऊन पिंजऱ्यापाशी गेला आणि मटकन खालीच बसला. बकरीच्या पायाशी दोन पिल्लं धडपडत उभी राहत होती. त्याला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. सविता तशीच डेअरीवर गेली आणि दूध घालता घालता तिनं एकट्या रंगुबाईला सांगितलं.

नऊच्या आत बारा बाया पिंजऱ्याभोवती. एकीनं गूळ आणला, दुसरीनं पिल्लांची दृष्ट काढली. मग कुणी न सांगताच त्यांनी पदर खोचले आणि रोपाच्या जुड्या उचलल्या.

मच्छिंद्र चाचरत म्हणाला, "मावशी, बिबट्याचं भ्या गेलं व्हय?"

"जातंय कशाचं! भ्या वाटतंयच की." रंगुबाई वाफ्यात वाकली. "पर लई दिवसांत कायबी बरं बघाय मिळालं न्हवतं रं. म्हणलं, जीव मुठीत धरून का व्हईना, बघून यावं."

हे तर जगाला सांगायलाच पाहिजे, असं वाटून मच्छिंद्रनं खिसा चाचपला.

फोन सवितानं सकाळीच पिठाच्या डब्यात घालून वर झाकण लावलं होतं.