डुबलभाऊंच्या चहाचा ठराव

तुमच्या इमारतीचा कारभार कोण बघतं हो? एक चेअरमन असेल, एक सेक्रेटरी असेल, आणि त्या दोघांचं एकमेकांशी पटत नसेल. कराडच्या सोनसाखळी अपार्टमेंटचा कारभार दही बघतं.

दही म्हणजे आपलं रोजचं, घरी लावलेलं. इमारत नवी होती तेव्हा तळमजल्यावरच्या अक्काताई जामदारांनी आपल्याकडचं विरजण चमचा चमचा घरोघरी दिलं. तेव्हापासून प्रत्येक घरात आदल्या दिवसाच्या दह्यानं पुढच्या दिवसाचं दही लागतं. ज्याला ठराव मांडायचा असेल त्यानं संध्याकाळी विरजण लावताना दुधावर वाकून तो स्पष्ट शब्दांत म्हणायचा. सकाळी तो सगळ्यांच्या दह्यात उतरलेला असतो. चमचाभर जिभेवर ठेवलं की कळतं, टाकी धुवायची आहे, किंवा शिंद्यांनी बूट जिन्यात ठेवू नयेत. त्या संध्याकाळी ज्याचं हो असेल त्यानं दुधात चिमूटभर साखर घालायची, नाही असेल त्यानं मीठ. दुसऱ्या सकाळी निकाल. कुणी काय घातलं तेही चवीत कळतं, कारण प्रत्येक घरच्या हाताची चव वेगळी. त्यामुळे सोनसाखळीत पाठीमागून बोलायची सोय नाही. चेअरमनही नाही. कधी गरजच पडली नाही.

दह्यात उतरलेला ठराव मागे घेता येत नाही. आजच्या दह्याच्या खाली कालचं असतं, कालच्या खाली परवाचं. अक्काताईंची जीभ इतकी तयार आहे की डोळे मिटून त्या पार गच्चीला कुलूप लावायच्या ठरावापर्यंत मागे जातात. एखादी गोष्ट पुसायचीच म्हटली तर सगळ्या घरांची भांडी एकाच वेळी ओतावी लागतील, आणि ओतण्याचा आवाज सगळ्यांनाच ऐकू येईल.

तिसऱ्या मजल्यावरच्या कुंभोजकरांचा जावई पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहे. तो एकदा म्हणाला, "आमच्याकडे हेच मशीनवर करतात. प्रत्येकाकडे सगळ्या नोंदी, मालक कुणीच नाही. ब्लॉकचेन म्हणतात त्याला."

अक्काताईंनी विचारलं, "आणि लागतं का घट्ट?"



या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर शालन गुजर राहते. घरी शिलाई मशीन आहे, साड्यांना पिको-फॉल करून देते. मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन इस्लामपूरला. दह्याच्या बाबतीत शालन फार काटेकोर. दूध कोमट आहे का ते करंगळीनं बघणार, विरजण गोल फिरवणार, आणि त्या वेळी तोंड मिटून ठेवणार. दुधावर वावगं बोलू नये हा सोनसाखळीतला पहिला नियम आहे. शिंक आली तरी प्रत्येक जण स्वयंपाकघराबाहेर पळतो.

त्या दिवशी संध्याकाळी बी विंगचे डुबलभाऊ पडदे घेऊन आले. डुबलभाऊ एसटीत नियंत्रक होते. कराडच्या स्टँडवर आयुष्यभर गाड्या पुकारल्या, त्यामुळे दारात आले तरी आधी सूचना देतात.

"पडदे शिवून घ्यायला आलेले मनोहर डुबल दारात उभे आहेत."

"दिसतंय की," शालन म्हणाली. "आत या. चहा ठेवते."

"थांबा नाही. लगेच सुटणार."

पण ते थांबले. चहा प्यायले. चिपळूणच्या गाडीत एकदा कुणीतरी जिवंत मोर घेऊन बसलं होतं आणि कंडक्टरनं त्याला अर्धं तिकीट फाडलं, ते त्यांनी सांगितलं. शालन इतकी हसली की सुईत दोरा ओवायचा राहिला. मग ते एकदम घड्याळाकडे बघून उठले आणि गेले.

शालननं कप विसळले. दूध कोमट झालं होतं. करंगळी बुडवली, विरजण घातलं, आणि चमचा फिरवता फिरवता तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "डुबलभाऊंनी रोज चहाला यावं. आणि लवकर उठू नये."

निघून गेलं हेही तिला कळलं नाही. तिनं झाकण ठेवलं आणि पडद्यांचं माप घेत बसली.

सकाळी भाकरीबरोबर दह्याचा पहिला घास घेतला आणि तिला आपलंच वाक्य जिभेवर लागलं. सबंध इमारत गप्प झाली होती. कुठे भांडं वाजेना, कुठे नळ सुटेना. मग एकेक दार उघडल्याचा आवाज यायला लागला.

अक्काताई गुडघ्यावर हात ठेवत वर आल्या. "शालन, अगं किती छान लागलंय. गाठ नाही, पाणी नाही."

"अक्काताई, मी ठराव नव्हता हो मांडला. मी आपलं स्वतःशी बोलले."

"स्वतःशी बोलायचं तर मीठ-मिरचीच्या डब्याशी बोलावं. दुधाशी कशाला?" त्या जरा टेकल्या. "नाव मात्र पुरं घ्यायचं होतंस. नुसतं डुबलभाऊ. तरी बरं, इमारतीत एकच डुबल आहेत."

दहाच्या सुमारास सगळे पार्किंगमध्ये जमले. कुंभोजकर कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. ते पुढे झाले.

"मी चेअरमन नाही. आपल्यात कुणीच चेअरमन नाही," ते म्हणाले. रोजच असं म्हणून ते सुरुवात करतात. "तरीपण ठरावातल्या शब्दांचा विचार व्हायला हवा. 'रोज' म्हणजे रविवार धरून का?"

"रविवार धरूनच की," शिंदेवहिनी म्हणाल्या. "रविवारी काय चहा बंद असतो?"

"'लवकर' या शब्दाची व्याख्या काय?"

यावर बराच खल झाला. कुणी म्हणालं, कप रिकामा होईपर्यंत. कुणी म्हणालं, दुसऱ्यांदा विचारेपर्यंत. शिंदेवहिनींचं म्हणणं पडलं की आमच्याकडे येतात तेव्हा डुबलभाऊ चप्पलसुद्धा काढत नाहीत, तेव्हा चप्पल काढून बसणं एवढं तरी त्यात धरावं. ते सर्वांना पटलं.

शालन खांबाशी उभी होती. तिला जमिनीत जावंसं वाटत होतं, पण सगळे इतक्या गंभीरपणे बोलत होते की मध्येच जमिनीत जाणं बरं दिसलं नसतं. तिनं हात वर केला.

"मला ठराव मागे घ्यायचाय."

कुंभोजकरांनी चष्मा काढला. "शालनताई, तशी तरतूद नाही."

"मग काय होणार?"

"मत पडणार. आणि ज्याच्या नावाचा ठराव आहे त्याच्या घरचं मीठ पडलं, तर बाकी सगळ्यांची साखर वाया. हा नियम तुम्हाला माहीत आहेच. शिंद्यांच्या बुटांच्या वेळी आपण तसंच हरलो."

म्हणजे सगळं डुबलभाऊंवर आलं. आणि ते खाली आलेच नव्हते. बी विंगमधली त्यांची खिडकी बंद होती. शालनला एकच गोष्ट दिसत होती. उद्या सकाळी ती घास घेईल, जिभेवर त्यांच्या घरचं मीठ येईल, आणि त्याच क्षणी ते सबंध इमारतीच्या जिभेवर असेल. पुढेही ते कधी जाणार नाही. कितीही दह्यांच्या खाली गेलं तरी अक्काताई डोळे मिटून तिथे पोचू शकतील.

दुपारी ती शिवलेले पडदे घेऊन बी विंगमध्ये गेली. डुबलभाऊंनी दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट घातला होता, बटण एक चुकलं होतं.

"मी ते दुधाला म्हटलं होतं," शालन म्हणाली. "सोसायटीला नाही."

"हो. कळलं ते चवीवरून."

"रागावलात?"

"रागावण्याचा प्रश्न नाही." ते पडद्याची घडी बघत राहिले. "टीप चांगली आली आहे."

"तुम्हाला यायचं नसेल तर आत्ताच सांगा मला. सकाळी सगळ्यांबरोबर कळण्यापेक्षा आत्ता एकटीला कळलेलं बरं."

डुबलभाऊंच्या चेहऱ्यावर भलतीच अडचण दिसली. "शालनताई, मतदानाच्या आधी मत उघड करायचं नाही, असा ठराव आहे. मीच मांडला होता तो. इथे आलो त्याच वर्षी."

"कशाला मांडलात?"

"तेव्हा बरोबर वाटला," डुबलभाऊ म्हणाले, आणि त्यांनी दार इतकं हळू लावलं की ते लागलं केव्हा तेच तिला कळलं नाही.

येताना जिन्यात तिला पाटणकरवहिनी भेटल्या. चौथ्या मजल्यावरचं पाटणकरांचं बिऱ्हाड वेगळं आहे. लिफ्ट बसवायचा ठराव मंजूर झाला तेव्हा ते रागावले. आदल्या दिवसाचं दही त्यांनी फ्रिजमध्ये जपून ठेवलं होतं, त्याचंच विरजण त्यांनी पुढे चालवलं. त्यांच्या दह्यात लिफ्ट मंजूर झालेलीच नाही, म्हणून त्यांना ती दिसत नाही. ते जिन्यानं चढतात आणि लिफ्टच्या दाराला पाठ टेकून दम खातात. दार उघडलं की आत पडतात, आणि भिंत ओलीनं खचली आहे म्हणून तक्रार करतात.

"काय झालं गं शालन? डोळे का असे?"

शालननं सगळं सांगितलं. पाटणकरवहिनींनी शांतपणे ऐकलं, तिला वर नेलं आणि स्टीलच्या वाटीत थोडं दही काढून दिलं.

"हे लाव आज. यात तुझं ते वाक्य नाही. तू काही बोललीच नाहीस, कुणी काही ऐकलंच नाही. उद्या सकाळी तोंड वर करून फिरशील."

"असं चालेल?"

"आमचं चाललंय की. जिना तेवढा चढावा लागतो." त्यांनी वाटीवर ताटली ठेवली. "पण हे डुबल कोण म्हणालीस?"

"बी विंगमधले. पहिल्या मजल्यावर, डावीकडे."

"तिथे कुठे कोण राहतं?" पाटणकरवहिनी म्हणाल्या. "ती जागा पहिल्यापासून कुलपात आहे."

डुबलभाऊ राहायला आले ते लिफ्टनंतर. नव्या माणसाला घ्यायचं म्हणजे ठराव लागतो, आणि तो ठराव पाटणकरांच्या दह्यात नव्हता. गेली कित्येक वर्षं डुबलभाऊ जिन्यात पाटणकरवहिनींना वाट देत होते, त्यांना नमस्कार करत होते, आणि त्या आपल्या त्यांच्यासमोरून वाऱ्यासारख्या निघून जात होत्या. शालनला वाटायचं, काहीतरी भांडण असेल.

संध्याकाळी तिनं दूध कोमट केलं. ओट्यावर एकीकडे आपल्या दह्याचं भांडं, दुसरीकडे पाटणकरवहिनींची वाटी. तिनं दोन्हीकडे बघितलं. वाटीतलं घेतलं तर उद्याची सकाळ सोपी होती. कुणी हसणार नाही, कुणाचं मीठ लागणार नाही. समोर बी विंगमध्ये एक कुलूप दिसेल, आणि ते कुलूप बघून तिला काहीसुद्धा वाटणार नाही. हे शेवटचं मनात आलं तशी ती दचकली. मीठ लागलं तर लागू दे, पण मोराची गोष्ट सांगणाऱ्या माणसाच्या जागी नुसतं कुलूप दिसावं आणि आपल्याला काही वाटू नये, हे तिला चालणार नव्हतं.

तिनं वाटीतलं दही भाकरीशी खाऊन टाकलं. विरजण लावल्याशिवाय नुसत्या खाण्यानं काही बिघडत नाही. चव जुनी, बरी होती. मग तिनं आपल्या भांड्यातलं विरजण दुधात घातलं आणि साखरेचा डबा उघडला. चिमूट घ्यायची पद्धत आहे. तिनं चमचा भरून घेतला. आपलं मत सगळ्यांना कळणारच आहे, तर नीट कळू दे. मग तोंडाला पदर लावून, एक शब्दही न बोलता तिनं ते ढवळलं.

सकाळी तिनं झाकण उघडलं आणि उभ्या उभ्याच घास घेतला. आधी तिची स्वतःची साखर लागली, अंमळ जास्तच. मग अक्काताईंची, वेलदोड्याच्या वासाची. शिंद्यांची. मग एक मीठ लागलं, पण ते कुंभोजकरांचं होतं. 'रोज' या शब्दाची व्याख्या ठरली नसल्यामुळे त्यांनी ते तत्त्वासाठी घातलं होतं, आणि त्याबद्दल वाईट वाटल्याचंही त्यात जाणवत होतं. सगळ्यात शेवटी, अगदी तळाशी, डुबलभाऊंच्या घरची चव आली. तिनं ती पुन्हा पुन्हा जिभेवर फिरवली. साखर होती. ती मोजूनमापून, थेट पॅकेटमधून, हात न लावता घातलेली साखर होती, आणि बहुधा दोनदा घातली होती, कारण एकदा घातल्याची त्यांना खात्री वाटली नसावी.

दारात आवाज आला.

"चहासाठी निघालेले मनोहर डुबल वेळेच्या आधी पोचले आहेत."

"आधी म्हणजे किती आधी? अजून दूधवालासुद्धा यायचाय," शालन म्हणाली.

"थांबतो की."

त्यांनी चप्पल काढली. ते आत आले, खुर्चीवर बसले, आणि त्यांनी हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं. आपलं दही ते बरोबरच घेऊन आले होते. 'लवकर उठू नये' असं मंजूर झाल्यावर संध्याकाळचं विरजण वेळेवर लागायचं कसं, याचा त्यांनी विचार केला होता.

दूधवाला येऊन गेला. चहा झाला, दुसरा झाला. कुंभोजकर दोनदा दारावरून गेले आणि चप्पल जागेवर असल्याची खात्री करून खाली गेले. दुपारी शालननं पिठलं केलं. डुबलभाऊ उठले नाहीत. जेवायलाही त्यांनी खुर्चीच पुढे ओढून घेतली. संध्याकाळी दूध कोमट झालं तेव्हा शालननं त्यांच्या भांड्यातलं दही आपल्या भांड्यात ओतलं, ते एकच विरजण दुधात घातलं आणि झाकण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनसाखळीतल्या सगळ्यांनी दही चाखलं, तेव्हा चवीत एक घर कमी भरलं.