रांगोळीची जीप

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच उमगलं नाही. शाळा चौथीपर्यंत, पुढे शेळ्यांमागे. तेव्हा जिथे चुकलं असेल तिथे वाचणाऱ्याने आपल्या मनाने नीट करून घ्यावं. चार माणसांत माझा आवाज निघत नाही, म्हणून चिमामावशीबद्दल जे सांगायचं ते लिहून ठेवते.

चिमामावशी अंगणात रांगोळीने जीप काढते.

मोर-कमळ काढतात तशी नव्हे. खरोखर माणसं बसतील एवढी जीप. पुढे ड्रायव्हरशेजारी दोन जागा, मध्ये एक बाक, मागे समोरासमोर दोन बाकडी, दारं कुठे उघडतात तेसुद्धा. ड्रायव्हरच्या जागी एक उलटी पाटी ठेवायची. कधी कधी त्या पाटीवर तिचं मांजर येऊन बसायचं, मग तेच ड्रायव्हर. शिमगा झाला की दरवर्षी ही जीप अंगणात लागायची आणि मावशी घराघरांतून आम्हाला हाका मारत फिरायची. "चला गं, बसून घ्या! कोकणात जायचं तर आखणी लागते, राव!"

"आखणी लागते, राव" हे तिचं पालुपद. भाकरी करपली तरी आखणी चुकली आणि पाऊस लांबला तरी आखणी चुकली. बायकांनासुद्धा ती राव म्हणायची.

आमची वाडी डिंभे धरणाच्या पाण्याला लागून, वरच्या अंगाला. भात आणि नाचणी, वर हिरडा गोळा करायचा, एसटी आली तर आली. मावशी साठीच्या पुढची. नवरा कधीच गेला, मुलगा चाकणला कंपनीत. घरात ती आणि ते ड्रायव्हर मांजर. वाडीतल्या सगळ्यांचीच ती मावशी, मग सासू असो की सून.

तर आम्ही बायका निमूटपणे रांगोळीच्या जीपमध्ये बसायचो. चोळामोळा होऊ नये म्हणून दारातूनच चढायचं. कुणी रेघ ओलांडून आत आलं की मावशी ओरडायची, "अगं, पत्रा फाडून शिरलीस का काय?"

"शेवंता, तू खिडकीला. तुला उलटी व्हते."

शेवंता आमच्या वाडीतली तोंडाळ. "मावशी, रांगोळीच्या गाडीत कुणाला उलटी व्हते?"

"आज नाय व्हनार. पण सवय पायजे ना. कौसा, तू मधी बस. तू बोलत नायस, तुज्याकडनं कुनाला तरास नाय."

कौसा म्हणजे मी.

मावशीने समुद्र पाहिलेला नव्हता. पण त्याच्याबद्दल तिला जेवढी माहिती होती तेवढी समुद्राकाठच्यांनाही नसेल. मंचरच्या बाजारात सुकट-बोंबील विकणाऱ्या बायकांना ती सुकटीच्या भावापेक्षा समुद्राचंच जास्त विचारायची. शाळेची सहल जाऊन आली की पोरांना गूळ-शेंगदाणे देऊन बसवायची. सगळ्यांना देवळं, वाळू, नारळाची झाडं आठवायची. मावशीला त्यातलं काही नको असे. "पान्यात किल्ला हाय म्हनं. तटाला पानी कुठवर लागतंय? आत घरं हायती का? उंबरं शाबूत हायती का?" पोरं बिचारी म्हणायची, आम्ही तिथे आइसक्रीम खाल्लं.

जीपची तालीम झाली की समुद्राची. ती धरणाच्या पाण्यात. आम्ही बायकांनी नऊवारी-सहावारी गुडघ्यापर्यंत खोचून रांगेत उभं राहायचं. डिंभ्याच्या पाण्याला लाट येत नाही, म्हणून मावशी लाट तोंडाने आणायची. "आली! आली! उडी!" की आम्ही सगळ्यांनी उडी मारायची. जी उशिरा उडी मारेल ती वाहून गेली असं धरायचं आणि तिने काठावर जाऊन बसायचं. मी पहिल्याच लाटेला वाहून जायची. ट्यूबवर बसून मासे धरणारे पुरुष जाळी सोडून आमच्याकडे बघत बसायचे.

"मावशी, आमाला बी न्या की," त्यातला एकजण ओरडायचा.

"तुला कशाला? तू तर बारा म्हयनं पान्यातच पडलेला असतोस!"

आणखी एक नियम होता. मीठ घ्यायचं नाही. "तिकडं मिठाचाच समुद्र हाय. हितनं मीठ न्यायचं म्हंजी येडेपना." म्हणून शिदोरीचं पिठलं बिनमिठाचं करायचं ठरलं होतं. शेवंता म्हणाली, "मग भाकरी बी नको, तिकडं वाळू हाय." तिला त्या वर्षी जीपच्या सगळ्यात मागच्या बाकड्यावर टाकलं.

एवढी आखणी, आणि जायचं मात्र कधीच नाही.

दिवस नेहमी मे महिन्यातला ठरायचा. शेतात काम नसतं, पोरांना सुट्टी असते. जीपवाला बाळू ठरायचा, वर्गणी गोळा व्हायची आणि निघायच्या आदल्या दिवशी मावशी सगळं मोडायची. एकदा म्हणाली, बाळूचा डोळा फडफडतोय. एकदा म्हणाली, मांजर जेवत नाही. एकदा काही कारणच सुचलं नाही, तर म्हणाली, "समुद्र दुरुस्तीला काढलाय." सगळ्यांची वर्गणी त्याच दिवशी परत देऊन टाकायची. मग दोन-तीन दिवस तिच्या दाराला कुलूप. परत यायची ती लुगड्याच्या काठाला वाळलेला चिखल घेऊन. कुठे गेली होतीस विचारलं की, "पावन्यांकडं." मे महिन्यात, जमीन भाजत असताना, चिखल असलेले पाहुणे कुठले, हे मला समजायचं नाही. पण विचारणार कोण? मी तर पहिल्या लाटेला वाहून जाणारी.

मला मात्र समुद्र बघायचा होता. खरंच बघायचा होता. माहेर राजुरी, सासर ही वाडी, आणि दोन्हींमधला रस्ता, एवढंच माझं जग. रांगोळीच्या जीपमध्ये मधल्या जागी बसून मी दरवर्षी मनातल्या मनात कोकणात जाऊन यायची आणि मे महिन्यात कोपऱ्यात बसून रडायची. आमचे मालक म्हणायचे, "तुमी बायका येकदा अंगनातनंच जाऊन या. डिझेल बी वाचंल."

गेल्या वर्षीही मे महिन्यात मोडलं. या खेपेला शेवंता भांडायलाच उभी राहिली. "मावशी, पुरं झालं! मे-बीचं नाव काढू नका. भात काढून झालं की पौषात जायचं. येता का नाय, ते सांगा."

मावशी गडबडली. पौषासाठी तिच्याकडे कारणच तयार नव्हतं. "थंडी असती..." म्हणाली.

आणि तेव्हा माझ्या तोंडातून निघालं, "मावशी, मला समुद्र बघायचाय."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. शेवंता म्हणाली, "अगं बया, ही बोलती!"

मावशीने पदर खोचला. मग म्हणाली, "जाऊ."

अडचण एकच होती. पौषात तिच्याकडे पैसे नव्हते. मुलाकडे मागायची तिची तयारी नव्हती. माझ्याकडे हिरड्याचे पैसे ठेवलेले होते, त्यातून मी तिचाही वाटा भरला. ती म्हणाली, "देईन गं कौसा. जागा बघून देईन."

लोक वेळ बघून पैसे देतात. जागा बघून कसे देतात ते मला समजलं नाही. मालकांना मात्र सगळं समजलं. "झालं," ते म्हणाले, "म्हातारी आता जागा बघत बसनार."

निघालो. पहाटे अंधारात बाळूची जीप आली आणि आम्ही सगळ्या डोळे झाकून आपापल्या जागी जाऊन बसलो, इतकी सवय. बाळू चकित झाला. पण घाट उतरताना आखणी चुकली. शेवंता खिडकीत बसून गाणी म्हणत होती आणि उलटी झाली मावशीला. ती तर पुढे, मधल्या जागेवर. शेवंताने तिला आपली खिडकी दिली आणि उरलेल्या घाटभर एकच वाक्य बोलत राहिली, "सवय पायजे, मावशी, सवय पायजे."

समुद्र मी संध्याकाळी पाहिला. त्याबद्दल मला लिहिता येणार नाही. मी नुसती उभी राहिले आणि खरी लाट आली तेव्हा उडी मारायचं विसरले.

रात्री एका घरी मुक्काम केला. सकाळी होडीतून किल्ल्यावर गेलो. चारी बाजूंनी पाणी आणि मधोमध काळा तट. माहिती सांगणारा माणूस तोफांचं सांगत होता, मावशी तोफांकडे पाठ करून पडक्या घरांचे उंबरे हाताने चाचपत होती.

"दादा, हितं माणसं राहात व्हती?"

"हो मावशी. पुष्कळ घरं होती. आत गोड पाण्याची तळी आहेत."

"भोवती येवढं पानी, आन तरी बुडालं नाय?"

"नाही बुडालं."

"बघ कौसा," मावशी म्हणाली, "नाय बुडालं." तिने तटावरून असा हात फिरवला जसा गाईच्या पाठीवरून फिरवतात.

दुपारी किनाऱ्यावर जेवायला बसलो. पाण्यापासून बऱ्याच अंतरावर, मावशीच्या आखणीप्रमाणे चपला रांगेत, पिशव्या त्यांच्या मागे. बिनमिठाचं पिठलं निघालं. मावशीने ओंजळीत समुद्राचं पाणी आणून आपल्या पिठल्यावर शिंपडलं, एक घास खाल्ला, चेहरा कडू झाला तरी गिळला आणि म्हणाली, "बराबर झालंय." दुसरा घास काही घेतला नाही.

एवढ्यात शेवंता ओरडली, "माजी चप्पल!"

चपला तरंगत होत्या. पाणी आमच्या पिशव्यांपर्यंत आलं होतं. मावशी उभी राहिली, एकदा पाण्याकडे बघितलं आणि सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "पळा! दरवाजं उघडलं! पानी सोडलं रं पानी सोडलं! भोंगा बी वाजवला नाय मेल्यांनी!"

धरणाकाठची माणसं आम्ही, धरणाचे दरवाजे उघडले की खालची गावं कशी पळतात ते ठाऊक. आम्हीही पळालो. भाकरी टाकून, लुगडी खोचून, नारळाच्या झाडांपर्यंत पळालो. वाटेत मावशीने दुसऱ्याच कुणाची दोन पोरंही काखोटीला मारून वर आणली. त्यांचे आईबाप मागून धावत आले.

शहाळी विकणारा एक म्हातारा हसून हसून खाली बसला. "अहो मावशी, कोण सोडणार पाणी? भरती आहे ही. जाईल परत."

"जाईल म्हंजी? कुठं?"

"मागे. रोजच येतं आणि रोजच जातं. दिवसातून दोनदा."

मावशीने ती पोरं खाली ठेवली. "दोनदा?"

"दोनदा."

मग मावशी हटेना. जाताना बघायचं म्हणाली. बाळू जीपचा हॉर्न वाजवून दमला, बायका कावल्या, पण ती झाडाखाली बसून राहिली, आणि मी तिच्याजवळ. ऊन कलेपर्यंत पाणी खरंच मागे गेलं. आधी काळे खडक वर आले. मग जुन्या धक्क्याच्या दगडी पायऱ्या, एकेक करून, शेवाळलेल्या.

त्या पायऱ्यांकडे बघत मावशी म्हणाली, "हितल्या लेकींचं बरं हाय. दिसातनं दोनदा. आमचं पानी वरसातनं येकदा हटतं."

मी तिच्याकडे बघितलं.

"माजं म्हायेर धरनात हाय, कौसा. मे म्हयन्यात पानी उतरलं की जोतं दिसतं. दरवर्षी वाटायचं, पान्यात उभा ऱ्हायलेला किल्ला येकदा बघून यावा. पन पानी उतरलं की पाय दुसरीकडं निघंना."

लुगड्याच्या काठाचा चिखल मला तेव्हा समजला. 

यंदा शिमगा झाला तरी मावशीच्या अंगणात जीप लागली नाही. शेवंता चार वेळा डोकावून आली. "म्हातारी बरी हाय ना?" मे महिन्याच्या शेवटी मावशी माझ्या दारात आली, हातात केरसुणी आणि पिशवी. "कौसा, चल."

"कुठं?"

"पावन्यांकडं."

आम्ही पाण्याच्या कडेकडेने चालत गेलो. जिथे एरवी होड्या असतात तिथे भेगाळलेली जमीन होती, आणि पुढे ओला गाळ. त्या गाळात दगडांची एक चौकट उभी होती, गुडघ्याएवढी. मावशीने उंबऱ्याचा दगड झाडून स्वच्छ केला. मग पिशवीतून रांगोळी काढली आणि जीप काढायची तशाच हाताने त्या जोत्याच्या आत रेघा ओढत गेली.

"हितं चूल. हितं जातं. ह्या कोपऱ्यात आई निजायची. हितं मी आन माज्या भनी." मी पुढे झाले तर ओरडली, "अगं, भिंत हाय तितं! दारातनं ये!"

मी मागे फिरले आणि उंबरा ओलांडून आत आले. तिने मला चुलीजवळ बसवलं. तांब्यातलं पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. कुंकू लावलं, तांदूळ आणि नारळ घालून माझी ओटी भरली. मग कनवटीला बांधलेली पुरचुंडी सोडली आणि माझ्या हिरड्याचे पैसे माझ्या हातावर ठेवले.

"मावशी, हे घरी दिलं असतं तरी चाललं असतं."

"ते घर सासऱ्याचं, मंग नवऱ्याचं, आता पोराचं. हे माजं." तिने माझी मूठ मिटली. "माज्या म्हायेराला आलीस. मोकळ्या हातानं कशी धाडू? मोज. आखणी लागते, राव."

मी मोजले. पुरे होते.