साडेसहाचे सुकलालनाना

माणसांची वर्गवारी जातीवरून, पक्षावरून किंवा पगारावरून करणारे पुष्कळ पाहिले. आमच्या गल्लीतले सुकलालनाना ती दातांवरून करतात. तोंडातल्या नव्हे, ट्रकच्या मागच्या हाउसिंगमधल्या.

बंद पडलेली वाहनं ओढून आणायची नानांची गाडी आहे. तिच्या मागच्या चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो, ते हाउसिंग. आत दोन दातेरी चाकं : छोटं पिनियन, मोठं क्राउन. नानांच्या पिनियनला सहा दात, क्राउनला एकोणचाळीस. म्हणजे इंजिनाकडून आलेला दांडा साडेसहा वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं; या हिशेबाला म्हणतात रेशो. जोर राक्षसाचा. वेगाबद्दल बोलू नये.

"हाऊ माणूस साडेसहाना शे" हे नानांचं सर्वोच्च प्रशस्तिपत्र. ते आजवर तिघांनाच मिळालं. त्यातली एक म्हैस होती.

माझा रेशो मला साक्रीजवळ कळला. पंपावर मोबाइलमध्ये डोकं घालून मी डिझेलच्या गाडीत ऐटीत पेट्रोल भरून घेतलं होतं. गाडीने चार किलोमीटरवर प्राण सोडला. नाना आले, बॉनेट न उघडताच नुसता वास घेतला आणि गाडीऐवजी माझ्याकडे बघून म्हणाले, "साहेब, तुम्हना रेशो स्पीडना शे. सपाटीवर पळतस, घाटमा बसतस."

तिथून धुळ्यापर्यंत आम्हाला कोणी कोणी मागे टाकलं याची यादी देत नाही. त्यात एक वरात होती आणि घोड्यावरचा नवरदेव मला ओळखत होता, एवढं सांगतो.

आता रस्ता चौपदरी झाला. त्यावर बंद वाहनं ओढणाऱ्या नव्या, चपळ गाड्या आल्या. बंद पडलेला माणूस फोनवर एकच विचारतो, "किती वेळात येता?" फोन नानांचा मुलगा विलास घ्यायचा. तो "दोन तास" म्हणाला की पलीकडून फोन बंद. गाडी आठवड्यातले चार-चार दिवस दारात उभी राहू लागली. शेवटी विलासने सांगून टाकलं, "आबा, स्पीडचे दात टाका. नाहीतर मी त्या नव्या लोकांच्या गाडीवर जातो. त्यांनी दोनदा बोलावलंय मला."

"जाय," नाना म्हणाले.

विलास माझ्याकडे आला. "काका, तुमचं ऐकतील ते."

माझं आमच्या घरातला कुकरसुद्धा ऐकत नाही. पण कोणी असं म्हटलं की मला फार मोठं झाल्यासारखं वाटतं. मी गेलो. म्हटलं, "नाना, स्पीडचे दात लावा आणि हळूच चालवा. कोण अडवतंय?"

"घरमा श्रीखंड ठेईसन उपास व्हस का, साहेब? दात शेत म्हणजे पाय दाबावच."

"मग बदलणारच नाही?"

"नही. कोंडाईबारीना घाट काय तुम्हना फोनवर चढस?"

तरी महिनाभर मी मागे लागलो. एका रविवारी सकाळी नाना गाडी घेऊन हनीफभाईंच्या गॅरेजवर गेले. मुलगा हातचा जाईल ही भीती असणार. विलासबरोबर मी विजयी मुद्रेने मागोमाग. हनीफभाईंनी भंगारातल्या गाडीतून काढलेली स्पीडची जोडी आणून ठेवलेली. हाउसिंग उघडलं, काळं तेल घमेल्यात उतरलं. नाना आपल्या क्राउनचे दात बोटाने चाचपत उकिडवे बसले होते.

"दात तो एकदम सलामत है, नाना," हनीफभाई हळहळले. "सोचो एक बार."

इथे गप्प बसलो असतो तर काम झालं असतं. पण मला भाषणाची हुक्की आली. "सोचना काय त्यात? नाना, पुण्याचं काम आहे. अपघातातली गाडी झटपट घरी पोचली तर घरचे दुवाच देतील!"

नानांचं बोट क्राउनवर थांबलं.

"मना मोठा भाऊना टेम्पो," ते म्हणाले, "झटपटच पोचाडा व्हता."

विलासने मान वर केली.

नाना क्राउनकडे बघतच सांगत होते. मोठे भाऊ रावेरकडून केळी भरून येताना रस्त्यात अपघातात गेले. टेम्पो ओढणारा माणूस कामसू होता. पत्ता विचारत विचारत त्याने टेम्पो थेट दाराशी आणून उभा केला. मृत्यूचा निरोप घेऊन घराकडे निघालेले दोघे अजून बसमध्येच होते. वहिनी अंगणात कुरडया घालत होती.

"तिले कोणी काहीच सांगेल नव्हतं. टेम्पो देखा आणि उठनी. केबिनना दरवाजा उघडीसन आतमा देखे. मंग वाकीसन सीटखाल देखे. मी ओसरीवर उभा. माले भी काही माहीत नव्हतं. मी म्हनू, वैनी, काय धुंडी राह्यनी?"

हनीफभाईंनी पाना खाली ठेवला. मला माझ्या चपला फार निरखून बघाव्याशा वाटल्या.

"गाडी मांगेच पोचाले पाहिजे," नाना म्हणाले. "आधी मानूस, मंग गाडी. मना पायवर मना इसवास नही, म्हनीसन दातच असा ठेवात." आणि एकदम उसळून विलासकडे वळले, "तुले जानं व्हई तर जाय! मी हाईच टाकसू!"

तेवढ्यात विलासच्या खिशातला फोन वाजला. पिंपळनेरकडे कोणाची तरी गाडी झाडाला धडकली होती. माणसं धडधाकट होती, गाडीचा चेंदा. पलीकडचा किती वेळ लागेल ते विचारत असावा. विलासने उघड्या हाउसिंगकडे पाहिलं, घमेल्यातल्या तेलाकडे पाहिलं.

"वेळ लागेल," तो म्हणाला. "अडीच तास. तोवर घरी फोन करा, आम्ही ठीक आहोत म्हणून स्वतः बोला. गाडी मागून आणतो."

नानांनी जुनं क्राउन उचलून परत बसवायला हनीफभाईंच्या हातात दिलं.

"अडीच कसाले?" ते विलासवर खेकसले. "पावणेतीन सांग."