दहाची पाऊणकी

‘येत नाही’ हे दोन शब्द कानावर पडले की तात्या मास्तर दोन्ही कानांत बोटं घालत. भर वर्गात, भर रस्त्यात, एकदा तर भर पंगतीत! आमचं कुटुंब मोदक वाढता वाढता म्हणालं, “मला मेलीला कळ्या पाडता येत नाहीत.” तात्यांनी उष्ट्या हातानेच बोटं घातली. “वहिनी, येतं काय ते बोला!” सारण कानात गेलं ते वेगळंच.

कोलशेताजवळ, खाडीकाठी आमची दोन मास्तरांची मराठी शाळा. तात्या हेडमास्तर, मी असिस्टंट. खोटं कशाला बोलू, मला या माणसाचा संताप यायचा. मी एखाद्या कार्ट्याला ‘ढ’ म्हटलं की हे पलीकडून ओरडत, “ढ तुम्ही! आवाज ऐका त्याचा, कविता म्हणायला उभा करा!”

अशात डिप्टीसाहेब तपासणीला आले. त्यांनी नेमका पांडूला उभा केला. याचा बाप खाडीत जाळी लावणारा. पाऊणपटीच्या पाढ्याशी याचं घोडं दोन वर्षं पेंड खात होतं.

“दहाची पाऊणकी किती?”

पांडू पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला.

“नाव खोडा याचं. सरकारी शाळेत दगड नकोत.”

“साहेब, त्याला भरती विचारा,” तात्या म्हणाले.

“ही शाळा आहे की मासळीबाजार?”

तात्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही. “पांडू, आज दशमी. भरती कधी रे?”

“सारेसातला, गुर्जी. दुपारचे पानी पार जाईल. सायबाची होरी चिखलान रुतंल.”

“ऐकलंत? साडेसात! तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. दहाची पाऊणकी तुमच्यासमोर केली त्याने!”

“खोडा म्हणतो ना!”

तात्यांनी टाक खाली ठेवला. “या हातून खोडाखोड व्हायची नाही. जव्हारला धाडा नाहीतर मोखाड्याला धाडा.” माझी तर पाचावर धारण बसली. शेवटी साहेबांनी स्वतःच तांबड्या शाईने पांडूचं नाव खोडलं आणि एक वाजता कल्याणला जायला होडीत बसले.

दीड वाजता होडी रुतली. पगडी-छत्रीसकट साहेब खाडीच्या मधोमध! तात्यांनी अख्खी शाळा बांधावर नेली आणि भूगोलाचा तास तिथेच घेतला.

दुसऱ्या दिवशी हजेरीत पांडूचं नाव पुन्हा लिहिलं, पहिल्यापेक्षा ठळक. महिन्याभरात बदलीचा हुकूम आला. मोखाडाच!

बोचकं बांधायला मदत म्हणून मी त्यांच्या खोलीवर गेलो. मला राहवेना. “तात्या, एका नावासाठी एवढं? खोडलं असतंत तर काय आभाळ कोसळणार होतं?”

ते धोतराची घडी घालत राहिले. “एकदा खोडलंय. माझ्याच वर्गातलं. माझ्याच मुलाचं.”

तात्या एकटे राहत हे ठाऊक होतं, पण मुलगा आहे हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

“त्याच दिवशी घरातून गेला. कुणी म्हणतं मुंबईला गोदीत आहे. मी दोनदा जाऊन आलो.”

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “काय येत होतं हो त्याला?”

तात्यांनी माझ्याकडे बघितलं.

“ते मी कधी विचारलंच नाही.”