यंत्रपुरुषास गाडा ठरविल्याची हकीकत

तोफा तापतात, माणसे त्याहून लवकर तापतात, म्हणून आधी जलदेवतेस नमस्कार. ज्या साली सरदार हैबतराव आणि धाकटे बंधू सटवाजीराव यांची वाटणी जाहली, त्या सालची ही हकीकत. थोरल्यांस वडिलांचा यंत्रपुरुष आला, म्हणजे ताडाएवढा लोखंडी पुतळा, पोटात बसून चालवावयाचा; धाकट्यांस चाकांचा रणगाडा आला. आणि त्या राज्यात लढाई पाळीपाळीने होई. एकाने तोफा डागाव्या, दुसऱ्याने आपली पाळी येईतो निमूट उभे राहावे, ऐसे थोर शिष्टाचारी लोक. यंत्रपुरुषाने हव्या तितक्या तोफा डागाव्या, पण तोफेच्या दर बारागणिक उष्म्याचा काटा चढे, आणि तांबड्या रेघेपार गेला की पोटातली दारू पेटे. गाड्यास काटाच नव्हता. मात्र सगळ्या तोफा एकदम डागल्या तरी त्या निववावयास पुरेल इतके पाणी निघण्यापूर्वी भरलेच पाहिजे, ऐसा कायदा, आणि त्या वजनापायी गाड्यावर तोफा दोनच मावत.

हैबतरावांस दोन तोफा दिसल्या नाहीत, काटा नाही एवढेच दिसले. मग दरबारी जाऊन बोलिले, "महाराज, धाकट्याने मोजू नये आणि थोरल्याने मोजावे? आमची अब्रू काय राहिली?" महाराज न्यायी, त्यांनी शास्त्री बसविले, आणि शास्त्र्यांनी जेवण आटोपून निकाल दिला की हा यंत्रपुरुष आजपासून गाडा समजावा. मग काटा उपटला आणि पेढे वाटले. पाण्याचा विषय कोणी काढला नाही, कारण काढता तर यंत्रपुरुषाच्या अकरा तोफांतल्या नऊ उतरवाव्या लागत्या.

पुढे शत्रू खिंडीत आला. खिंड गेली तर राजधानी गेली, ऐसा प्रसंग. दोघे बंधू शेजारी उभे राहिले. पहिल्या पाळीस हैबतरावांनी अकराही तोफा डागल्या आणि शत्रूची निम्मी फळी पाडली, आणि दुसऱ्या पाळीस पुन्हा अकरा. तेव्हा सटवाजीराव ओरडले, "दादा, गुडघ्यांतून धूर येतोय! एक पाळी थांबा, मी रोखून धरतो!"

"दोन तोफांवर? अरे, गाड्यास उष्मा नसतो, दरबारचा निकाल आहे!"

"निकाल तुम्हांस ठाऊक. लोखंडास कुणी कळविला?"

"तू जळतोस माझ्यावर!"

"जळताय तुम्ही! उतरा खाली!"

"आणि तुझ्या त्या पाणक्या गाड्यात बसू?"

मग तिसरी पाळी आली, आणि सात तोफा उडाल्या, आणि आठवीच्या जागी पोटातली दारू उडाली. शत्रू मात्र आपली पाळी येईतो अदबीने उभाच होता. मग सटवाजीरावांनी दोन तोफांवर संध्याकाळपर्यंत खिंड राखिली.

सारांश, शास्त्र्यांनी पुढे खुलासा केला की निकाल बरोबरच होता, स्फोट तेवढा बेकायदा जाहला. सरदार हैबतराव त्याच साली आश्विन वद्य षष्ठीस, भर दुपारी, खिंडीच्या तोंडाशी वारले.