नानांचा दुबईचा प्लॅन

कस्टमर केअरच्या मुलीशी मासळीबाजारातल्यासारखी घासाघीस करणारा माणूस मी एकच पाहिला, आमचे शेजारी हिराजीनाना.

"बरं पोरी, भाव ऐकला. आता वर काय टाकशील?"

ती बिचारी म्हणते, "सर, तशी सोय नाही."

"कोळीण वाट्यावर चार बोंबील टाकतं. तू चार मिनिटं टाक. गाव कुठलं तुजं?"

"नागपूर, सर."

"अरेरे," नाना फोनवर हात ठेवून मला सांगतात, "तिला ताजी मासळी म्हायत न्हाय. ती कुठनं वर टाकणार."

नाना आमच्या उरणकडचे. तरुणपणी मिठागरात राबले, मग बंदरावर ट्रेलर चालवला, आता ओटीवर बसून असतात. माझं नाक्यावर रिचार्जचं दुकान आहे, त्यामुळे हा सगळा सौदा माझ्याच काउंटरवर चालायचा. निमित्त घडलं ते असं: नानांची मुलगी दुबईला असते. तिला बाळ झालं आणि काकी, म्हणजे नानांची बायको, बाळंतपणासाठी तिकडे गेल्या. तिथं व्हॉट्सअॅपवरून फोन लागत नाही, म्हणजे परदेशी कॉलचा प्लॅन घेणं आलं.

मी पहिला प्लॅन सुचवला तो थोड्या मिनिटांचा. "नाना, आठवड्यातून दोनदा निवांत बोलाल."

"न्हाय परवडत. मिनिटं मोजून बोलाचा म्हंजे रिक्षाचा मीटर चालू ठेवून देवळात जायचा. सगलं ध्यान मीटरवर."

जावयाने तिकडून एक चालणारं अॅप सुचवलं. ते उघडताच विचारू लागलं, तुमचे फोटो बघू का, तुमच्या ओळखीची माणसं बघू का, तुम्ही राहता कुठे. नानांनी फोन काउंटरवर उलटा ठेवला. "हा फोन लावतंय का सोयरीक जुळवतंय?"

आठवडाभर त्यांनी सगळ्या कंपन्यांना पिडलं. रेकॉर्ड केलेल्या बाईलाही सोडलं नाही. ती म्हणायची, "मराठीसाठी एक दाबा." नाना म्हणायचे, "दाबतंय गं बाय, चष्मा तं लावू दे." तोवर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची आणि नाना मला म्हणायचे, "बग, कामाला वाघीण हाय."

नाना इतकं बोलणार तरी काय, असा मला प्रश्न पडे. पण शेवटी त्यांना हवा तसा पॅक मिळाला. स्वस्त, आणि मिनिटं भरपूर. ते खुशीत घरी गेले.

दोन-तीन दिवसांनी दुपारी मी त्यांच्याकडे वालाच्या शेंगा द्यायला गेलो. नाना ओटीवर जाळं शिवत बसले होते. शेजारी पाटावर फोन, स्पीकर चालू. त्यातून नळाचा आवाज येत होता. मग कुकरची शिटी झाली. बाळ कुरकुरलं, काकी त्याच्यासाठी काहीतरी गुणगुणल्या, पुन्हा नळ. कोणी बोलत नव्हतं. कॉल चुकून चालू राहिला असं वाटून मी बंद करायला वाकलो. नानांनी माझा हात धरला.

"राहू दे."

"अहो, मिनिटं चाललीत नाना. बोलत का नाही?"

"काय बोलाचा?" ते हळूच म्हणाले. "ती हतं, घरात असतं तवा तरी आमी कुठं बोलतो? ती आत भांडी घासतं, मी हतं बसतंय. आवाज येतो ना आतनं. ती गेली तवापासून आतनं कायच आवाज न्हाय येत."

जावयाच्या त्या अॅपवरून व्हिडिओ कॉल करा, असं मी सुचवलं. त्यांनी मान हलवली. "मंग तिला हातातला काम टाकून माज्यासमोर बसावं लागंल. कशाला उगाच."

मी शेंगा खाली ठेवल्या आणि बसलो. थोड्या वेळाने तिकडचा नळ बंद झाला.

"अवो," काकींचा आवाज आला. "हाव ना तिकडं?"

नानांनी सुईतला धागा ओढला. "हाय," ते म्हणाले.

तिकडे पुन्हा नळ सुरू झाला.