खालचा अर्धा सामना

रमेशभाऊ इखार टीव्हीवर अर्धाच सामना पाहतात. अर्धा म्हणजे मध्यंतरापर्यंतचा नव्हे, खालचा अर्धा. सामना सुरू व्हायच्या आधी ते स्टुलावर चढतात, टीव्हीच्या वरच्या भागावर टॉवेल लटकवतात, दोन्ही बाजूंना कपड्यांचे चिमटे लावतात आणि समोर येऊन बसतात. बास्केटबॉलमध्ये पाहण्यासारखं जे काही असतं ते त्या टॉवेलमागे घडतं. रमेशभाऊंना दिसतात ते फक्त पाय.

"वर काय पाहाचं, मॅडम?" त्यांनी एकदा मला समजावलं. "वर तर पोट्टी जातेच. खाली कशी येते ते पाहा लागते."

ही पोट्टी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी वैदेही. उंची सहा फूट दोन इंच, आणि घरातलं नाव चिमी. देशाच्या संघात खेळते, वर्षातले बरेच महिने परदेशातल्या एका व्यावसायिक क्लबकडून खेळते. तिचा फोटो पेपरात आला की आमच्या इमारतीच्या फाटकावर कोणीतरी तो चिकटवतो. रमेशभाऊ जवळ जाऊन फोटो पाहतात आणि म्हणतात, "पाय कापले हो फोटोतले."

आम्ही एकाच इमारतीत राहतो. ते तळमजल्यावर, मी त्यांच्या वर. मी हिंगण्याच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. हेल्मेट घाला, पट्टा लावा, चालू यंत्रात हात घालू नका, हे दिवसभर ओरडून सांगायचा मला पगार मिळतो. म्हणजे भीती हा माझा पोटापाण्याचा विषय. माणूस यंत्राला भ्यायचं सोडतो त्या दिवशी त्याचं बोट जातं, हे मी पाहिलं आहे. आणि जो सगळ्यालाच भितो त्याच्या हातून कामच होत नाही, हेही पाहिलं आहे. भीती बेताची आणि योग्य जागी असावी, असं माझं मत. रमेशभाऊंना हे मत पटत नाही. त्यांच्या मते भीती सगळीकडे सारखी पसरून ठेवावी, म्हणजे कोणती जागा सुटत नाही.

त्यांचं सीताबर्डीत चपला-बुटांचं दुकान आहे. आयुष्य गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून गेल्यामुळे माणसाचा चेहरा त्यांना दुय्यम वाटतो. मी चष्मा बदलला, केस कापले, त्यांना पत्ता नव्हता. पण माझ्या बुटाची उजवी टाच झिजली ते जिन्यातच कळलं. "उजवा पाय दाबून चालून राहिल्या तुम्ही, मॅडम. घसराल ना."

आणि मग त्यांचं ते वाक्य, जे ते दिवसातून इतक्यांदा म्हणतात की लतावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, ते त्यांच्या आधीच म्हणून टाकतात: "आन् घसरलं म्हणजे?" वहिनी फरशी पुसायला लागल्या की ते दारात दोन खुर्च्या आडव्या लावून रस्ता बंद करतात. गुळगुळीत ग्रॅनाइटच्या हॉलमध्ये लग्न असेल तर ते बाहेर मांडवातच थांबतात आणि तिथेच आहेर देतात. चिमीला तिच्या क्लबने मोसमातली सर्वोत्तम खेळाडू म्हणून भलीमोठी ट्रॉफी दिली, ती दिवाणाखाली, जमिनीवर ठेवलेली आहे. शोकेसमध्ये का नाही? "पायावर पडली म्हणजे?"

चिमी तेरा वर्षांची असताना त्यांच्या दुकानातली बायकांची एकही चप्पल तिच्या पायात येईना. "माह्याच दुकानात माह्याच पोरीचा नंबर नाही," हे दुःख त्यांनी आसपासच्या सगळ्या दुकानदारांना ऐकवलं. शाळेच्या खेळाच्या सरांनी तेच पाय पाहून तिला मैदानावर नेलं.

"सर म्हणे, पोरगी उंच उडते. मी म्हटलं, सर, आन् घसरलं म्हणजे? तर म्हणे, इखारजी, आधी उडू तर द्या."

चिमीची कारकीर्द पेपरवाल्यांनी लिहिली ती वेगळी आणि रमेशभाऊ सांगतात ती वेगळी. शाळकरी वयात राज्याच्या संघात, मग ज्युनियर भारताची कप्तान, एका उपांत्य सामन्यात अगदी शेवटच्या क्षणी अर्ध्या मैदानावरून टाकलेला बॉल, मग परदेशी क्लबचा करार. तो अर्ध्या मैदानावरचा बॉल तर आमच्या कारखान्यातल्या फिटरच्याही फोनवर होता.

"तो खराब सामना होता," रमेशभाऊ म्हणाले. "फेकल्यावर मागं झुकली. टाचेवर आली. मी लगेच फोन केला, टाच दुखून राहिली का म्हणून."

"मग?"

"म्हणे, बाबा, आपण फायनलमध्ये गेलो. मी म्हटलं, ते ठीक आहे. टाच?"

मी एकदा विचारलं, तुमच्या मते तिचा सगळ्यात चांगला सामना कोणता? त्यांचे डोळे चमकले. त्यांनी जो सामना सांगितला त्याचं नाव मी ऐकलंही नव्हतं. "त्या दिवशी तिले थोडा ताप होता. पूर्ण वेळ बेंचवर बसून होती. बाटलीनं पाणी पिऊन राहिली होती मस्त. काय सुंदर सामना झाला, मॅडम!"

स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "अवो, एखाद दिवशी काढा ना तो टावेल! पोरीचं तोंड तरी पाहा!"

"तोंडाले काय होते वं? तोंड का घसरते?"

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, त्या रविवार दुपारपर्यंत.

मी वहिनींचा डबा परत करायला खाली गेले होते. चिमीचा परदेशातला सामना टीव्हीवर इंटरनेटवरून चालू होता. टॉवेल जागेवर, रमेशभाऊ खुर्चीच्या टोकाला. चिमीचे पाय मला लगेच ओळखू आले, नारिंगी नाड्यांचे पांढरे बूट. ते पाय वाकले, जमिनीवरून सुटले, आणि चित्र थांबलं. मधोमध गोल चकरी फिरायला लागली.

टॉवेलच्या काठाखाली नुसते दोन पाय, जमिनीपासून हातभर वर. बाकी चिमी नाही.

रमेशभाऊ उभे राहिले. "ये ना वं खाली," ते टीव्हीला म्हणाले.

"वायफाय बंद करून चालू करा," वहिनी कढईजवळून ओरडल्या.

"हात लावू नको कशाले! पोट्टी वर आहे!"

मी त्यांना समजावलं, की रमेशभाऊ, हे मागचं चित्र आहे, ती केव्हाच खाली आली, आता पुढेही पळाली असेल. खरं म्हणजे हे अगदी बरोबर होतं. पण ते पाय तिथे लटकलेले असताना ते बरोबर वाटेना. रमेशभाऊंनी दोन्ही तळहात टीव्हीखाली धरले होते, वरून पडणारं काही झेलायला धरतात तसे. मला हसू यायला हवं होतं. मी डबा हातात घेऊन तशीच उभी राहिले. कढईतला चुरचुर आवाज थांबला; वहिनीही दारात येऊन उभ्या होत्या.

चित्र सुरू झालं तेव्हा टॉवेलखाली पाय नव्हते. अख्खी चिमी होती. जमिनीवर आडवी, दोन्ही हातांनी गुडघा धरून.

मी बरेच अपघात पाहिले आहेत. त्यात माणूस आधी पडतो आणि आपण नंतर घाबरतो. त्या दिवशी आम्ही तिघांनी आधी घाबरून घेतलं होतं, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

गुडघ्यातलं लिगामेंट फाटलं होतं. ऑपरेशन झालं, चिमी कुबड्या घेऊन नागपूरला आली आणि जवळजवळ वर्षभर राहिली. त्या वर्षात रमेशभाऊंनी दुकानातलं बुटांच्या तळव्याचं रबर आणून आमच्या जिन्याच्या प्रत्येक पायरीवर चिकटवलं. सेफ्टी ऑफिसर म्हणून मला हे मान्य करावं लागलं, की काम पक्कं होतं. इतकं पक्कं, की दूधवाल्याची चप्पल पहिल्याच दिवशी पायरीला चिकटून राहिली आणि तो पुढे गेला. वहिनी नवस बोलल्या, की चिमी पुन्हा खेळली तर रामटेकचा गड पायी चढेन. रमेशभाऊ हादरले. "पायऱ्या? आन् घसरलं म्हणजे? इथून हात जोडलेले रामाले दिसत नाही का?"

मग डॉक्टरांनी परवानगी दिली. आणि तिचा पहिलाच सामना नेमका नागपुरात आला, इथल्या इनडोअर स्टेडियममध्ये.

आदल्या दिवशी चिमी माझ्याकडे वर आली. दारात वाकायची तिची सवय आहे. वाकून आली आणि उभीच राहिली.

"काकू, एक काम होतं. उद्या बाबाले आणू नका."

"का गं?"

"ते स्टँडमध्ये मान खाली घालून बसतात. अख्खं पब्लिक वर पाहते आन् माहा बाप खाली. मी बॉल घेऊन वर जाते तेव्हा मले ते एवढंच दिसते." ती गुडघ्यावरून हात फिरवत होती, तिच्या लक्षात नसावं. "मले आधीच भीती वाटून राहिली, काकू. माही मी पाहून घेईन. त्याहिची भीती पण उचलून उडी नाही मारता येत."

मी खाली गेले आणि रमेशभाऊंना हे जसंच्या तसं सांगितलं. फिरवून सांगितलेल्या सूचनेने कोणाचं बोट वाचत नाही. ते बशीत चहा ओतून बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. बशी तशीच ठेवली. "आन् घसरलं म्हणजे?" म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी निघायच्या तयारीत होते तर दारात रमेशभाऊ. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल.

"मॅडम, मी येतो. मान खाली नाही घालत. तुम्ही बाजूले बसा. पाय तुम्ही पाहा, मी वर पाहतो. तुम्ही फक्त सांगत जा."

"काय सांगू?"

"उतरली म्हणून."

स्टेडियममध्ये आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. वहिनी एका बाजूला, मी दुसऱ्या, मध्ये रमेशभाऊ. शिंपी गळ्याचं माप घेताना धरावी तशी त्यांनी हनुवटी वर धरली होती आणि नजर बास्केटवर ठोकून बसवली होती. चिमी मैदानावर आली तेव्हा तिने स्टँडकडे पाहिलं, बाप दिसला, आणि तिचा चेहरा उतरला. मग तिने पुन्हा पाहिलं. बाप वर पाहत होता.

खेळ सुरू झाला. पहिली उडी.

"उतरली?" ओठ न हलवता.

"उतरली."

त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या झाल्या की त्यांचा हात परत माझ्या मनगटावर यायचा आणि आवळायचा. पुन्हा उडी, पुन्हा "उतरली?" वहिनी एकीकडे ओरडत होत्या, "मार वं चिमे, मार!" मला मात्र बॉल कुठे आहे ते कळेनासं झालं. सगळं सोडून नुसते पाय पाहत बसलं की खेळ उरतच नाही. उरतं फक्त पडणं, जे अजून झालेलं नाही. हा माणूस इतकी वर्षं रोज हे करत होता आणि आम्ही टॉवेलला हसत होतो.

शेवटच्या भागात चिमी बास्केटखाली वर गेली तेव्हा समोरच्या संघातली एक मुलगी तिच्या खाली आली. चिमीचा एक पाय त्या मुलीच्या पायावर पडला, वाकडा झाला, आणि ती कुशीवर आदळली. शिट्टी वाजली. वहिनींनी तोंडावर पदर धरला. चिमी बसलेली, हात त्याच गुडघ्यावर. तिने मान वर केली आणि थेट आमच्याकडे पाहिलं.

"उतरली?"

आमच्या कारखान्यात साधं खरचटलं तरी मी त्याची नोंद करते. आजवर एकही अपघात मी लपवलेला नाही.

"उतरली," मी म्हटलं.

"वा चिमी! वा!" रमेशभाऊ बास्केटकडे पाहत ओरडले आणि जोरजोरात टाळ्या वाजवायला लागले. त्या शांततेत एकटेच. पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू हा समोरच्या संघाचा असावा.

चिमी पाहत राहिली. मग तिला हसू आलं. तिने हात टेकला आणि उठली. दोन पावलं लंगडली, तिसरं बरं पडलं, आणि ती पळायला लागली.

सामना हरलो. वहिनी चिमीसोबत फोटो काढायला आत गेल्या. मी आणि रमेशभाऊ बाहेर पार्किंगमध्ये थांबलो. माझ्या मनगटावर त्यांच्या बोटांचे लाल वळ उठले होते. ते त्यांनी पाहिले आणि ओशाळून नजर दुसरीकडे वळवली.

"मॅडम, मधात एकदा तुम्ही सांगाले उशीर केला."

मी मनगट चोळत राहिले.

"पडली होती ना?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"अख्खं स्टेडियम चूप झालं, मॅडम. मी का बहिरा आहे?"

"मग टाळ्या कशाच्या वाजवत होतात?"

त्यांनी खिशातून रुमाल काढला, मान पुसली, परत खिशात ठेवला.

"पडल्यावर पोरगं पहिले कोणाकडं पाहते? बापाचं तोंड पाहूनच ठरवते, रडाचं का उठाचं. मी तर वर पाहून राहिलो होतो, मले दिसलं नाही." मग हळूच विचारलं, "पाहिलं का तिनं?"

"पाहिलं."